बरणीतले दात

आप्पांनी रुमालाची गाठ सोडली आणि आपला अर्धा पुढचा दात लेकीच्या टेबलावर ठेवला.

"वाजवता वाजवता तोंडात खडा आल्यागत झालं," ते म्हणाले. "म्हटलं, सकाळच्या पोह्यातला असंल. थुंकून बघतो तर ह्यो."

आप्पा, म्हणजे सिदराम ऐवळे, पहिल्या गाडीनं जत भागातून मिरजेला आले होते. त्यांची क्लॅरोनेट त्या मुलखात प्रसिद्ध होती. वरातीत आता बहुतेक ठिकाणी यंत्रंच वाजायची, माणसाच्या बोटाच्या चुकासुद्धा हुबेहूब करून दाखवणारी. तरी नवरदेवांच्या आज्या अजून हट्ट धरून बसायच्या की ऐवळ्यांची क्लॅरोनेट नसेल तर वरात निघायची नाही. आज्यांपुढे यंत्राचं काय चालणार!

डॉ. प्रणिता ऐवळे ही त्यांची एकुलती एक लेक. मिरजेत तिचा स्वतःचा दवाखाना होता आणि दातांच्या कॉलेजात ती शिकवायलाही जायची. तिनं तो तुकडा चिमट्यात धरला आणि दिव्याखाली फिरवून पाहिला.

"कुठे पडलात का? काही कडक चावलंत?"

"काय बी न्हाई. सूर धरला हुता निस्ता." मग ज्यासाठी एवढा प्रवास केला होता तो प्रश्न त्यांनी विचारला. "दुसरा ऱ्हाईल न्हवं?"

क्लॅरोनेट वाजवणारा खालचा ओठ आत दुमडतो आणि वरचे समोरचे दोन दात माऊथपीसवर टेकवतो. सूर आधी त्या दातांना कळतो, दातांतून डोक्याच्या हाडांना, आणि मग जगाला. खोटा दात बसवता येतो, नाही असं नाही. पण आप्पांच्या ओळखीच्या एका वादकानं तसे दोन बसवून घेतले होते आणि तो म्हणायचा की शेजारच्या खोलीत कुणी दुसराच वाजवतोय असं वाटतं. वर्षभरात त्यानं वाद्य विकून टाकलं.

"राहील," प्रणिता म्हणाली. तेव्हा तिला खरोखर तसं वाटत होतं.

ते दोन्ही दात तिच्याच हाताखालून गेले होते. काही वर्षांपूर्वी बँडच्या गाडीनं कचकन ब्रेक मारला, माऊथपीस दातांवर आदळला आणि दोन्ही दातांच्या नसा मेल्या. तिनं त्यांचं रूट कॅनाल केलं, आणि तेही 'नितळ' वापरून. त्या दिवशी तिचे गुरू डॉ. मुकुंद हळबे मुद्दाम आले होते. नितळची कुपी त्यांनी स्वतः फोडून तिच्या हातात दिली होती आणि आप्पांच्या खांद्यावर थोपटून म्हणाले होते, "बिनघोर राहा. उद्या भैरवी ऐकायला येतो."

आप्पांनी तेव्हा डोळे मिटले आणि तोंड उघडलं. दातात काय घालणार, हे त्यांनी विचारलं नाही. लेक डॉक्टर असल्यावर काय विचारायचं, असा त्यांचा साधा हिशेब होता.

नितळबद्दल थोडं सांगायला हवं. दाताच्या आतला मोठा भाग दोन गोष्टींचा असतो. एक खनिज, त्यानं दात कठीण होतो. दुसरं कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचं जाळं, त्यानं तो चिवट राहतो. मातीच्या भिंतीत भुस्सा कालवतात, तसंच हे काम. भुस्सा काढून टाका, भिंत उभी राहते, पण पहिल्या दणक्याला चिरते. जुन्या पद्धतीत मेलेली नस काढून दाताची पोकळी दोन द्रावणांनी धुवायचे. पहिलं जंतू आणि सडलेलं मांस जाळायचं, पण जाता जाता तंतूही कुरतडायचं. दुसरं पोकळी कानशीनं घासल्यावर उरलेला गाळ काढायचं, पण थोडं खनिजही घेऊन जायचं. जास्त वेळ ठेवलं, जास्त तीव्र वापरलं, की दात कमजोर. हळबे सर पहिल्याच तासाला सांगायचे, "धुणं कुणालाही येतं. थांबणं ज्याला येतं तो डॉक्टर." प्रणितानं हे वाक्य इतक्या विद्यार्थ्यांना ऐकवलं होतं की काहींना ते तिचंच वाटायचं.

नितळमध्ये थांबायची गरजच नव्हती. ते विकरांचं द्रावण होतं, म्हणजे पोटात अन्न पचवणारे जे पदार्थ असतात त्यांच्या जातीचं. पोकळीत सोडायचं आणि ध्वनिलहरींनी हलवायचं. ते केसाएवढ्या फाट्यांतही शिरायचं, मेलेलं तेवढं खायचं आणि काम संपलं की आपोआप निष्क्रिय व्हायचं. निदान तसं ठरलेलं होतं. ना कानस, ना चार खेपा, ना दुखणं. त्याच्या जोरावर एका संस्थेनं दंतरथ काढले. ही बॅटरीवर चालणारी मोठी वाहनं बाजाराच्या दिवशी गावात उभी राहायची आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या आळीचे दात वाचवून पुढच्या गावाला निघायची. राज्यभर लाखो दात असे वाचले. शोध हळब्यांचा, चाचण्या प्रणिताच्या. आणि शोधनिबंधावर पहिलं नाव डॉ. प्रणिता ऐवळे यांचं, खुद्द सरांच्या आग्रहानं. बँडवाल्याच्या पोरीचं नाव आपल्या नावाच्या आधी घालणारा गुरू सगळ्यांनाच भेटत नाही. ही गोष्ट ती भेटेल त्याला अभिमानानं सांगायची.

आप्पा गेल्यावर तिनं तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. बाहेरचं कवच चकचकीत होतं, आतला भाग मात्र भुगाभुगा. सुई लावली तरी झडत होता. आणि मग तिला गेल्या वर्षभरातले बाकीचे आठवायला लागले. दाढ उभी चिरली म्हणून आलेला शिक्षक, सुळा तुटलेली भाजीवाली. प्रत्येकाला तिनं काहीतरी चावल्याबद्दल रागे भरलं होतं. कुणाला सुपारी, कुणाला कडक भाकरी. त्या सगळ्यांत नितळ होतं.

तिनं सरांना फोन लावला.

"अगं, क्लॅरोनेट वाजवतात ते," सर हसून म्हणाले. "एवढा ताण कोणता दात सोसेल? तुझ्याच चाचण्या आहेत ना? यंत्रात दात पाच वर्षांनी म्हातारे करून बघितलेस, एक तरी चिरला होता का?"

नव्हता चिरला. मग आप्पांचा कसा तुटला? उत्तर तिला कॉलेजच्या कपाटातल्या बरणीपाशी मिळालं.

दातांच्या प्रत्येक कॉलेजात अशी एक बरणी असते. नव्या पोरांना सरावासाठी उपटलेले दात लागतात. मग ती गावोगावच्या डॉक्टरांपुढे हात जोडतात, शिबिरांत घिरट्या घालतात आणि मिळतील ते दात आणून बरणीत टाकतात. पास होऊन जाताना मोठे विद्यार्थी ती बरणी धाकट्यांना देतात, आणि देताना असा आव आणतात की जणू दौलत सोपवतायत. दात कुजू नयेत, जंतू मरावेत म्हणून बरणीत फॉर्मालीन असतं. मृतदेह टिकवतात तेच. प्रणितानं विद्यार्थिदशेत ती बरणी काठोकाठ भरली होती आणि पुढे नितळच्या चाचण्यांना त्यातलेच दात वापरले होते. बरणी हाताशी असताना ताजे दात कोण शोधत बसणार?

आणि फॉर्मालीनचं कामच मुळी प्रथिनाचे तंतू एकमेकांना घट्ट बांधून टाकण्याचं. बांधलेला तंतू नितळला तुटत नाही. तोंडातला जिता तंतू मात्र मोकळा असतो.

ती लगेच कामाला लागली. ओळखीच्या डॉक्टरांकडून त्या दिवशीच उपटलेले दात साध्या खारट पाण्यात ठेवून मागवले, नितळनं धुतले आणि दात जलद म्हातारे करणाऱ्या गरम पाण्याच्या यंत्रात सोडले. शेजारी बरणीतलेही तसेच धुऊन ठेवले. काही आठवड्यांनी दोन्ही दाबयंत्राखाली घातले. बरणीतले दात यंत्राला दाद देईनात. ताजे दात भाजलेल्या शेंगेसारखे फुटले. नितळचा काही भाग दाताच्या बारीक नळ्यांत चिकटून बसत होता आणि निष्क्रिय न होता, घाई न करता, वर्षानुवर्षं आतला भुस्सा खात होता.

तिला फार वाईट वाटलं, पण खोटं कशाला सांगायचं, थोडं हायसंही वाटलं. चूक झाली होती, पण ती प्रामाणिक होती. सरांना धक्का बसेल, ते दोन दिवस जेवणार नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी स्वतः उभं राहून सगळे रथ थांबवतील. आपले सर तिला पक्के ठाऊक होते.

नेमकी तेव्हाच सरांची दाढ ठणकायला लागली.

"तुझा हात हलका आहे," ते फोनवर म्हणाले. "रविवारी दुपारी येऊ का? गर्दी नसेल."

आधी सरांचं दुखणं थांबवावं, मग सांगावं, असं तिनं ठरवलं. रविवारी सर आले, गाल धरून खुर्चीत टेकले. तिनं भुलीचं इंजेक्शन दिलं, ओठ बधिर व्हायला वेळ दिला आणि हाताच्या जुन्या सवयीनं, ध्यानात येण्याआधीच, फळीवरची नितळची निळी कुपी उचलली.

सरांनी तिचं मनगट पकडलं.

"ते नको," ते म्हणाले. अर्धा ओठ बधिर असल्यानं शब्द घसरत होते, तरी कळायचं ते कळलं. "माझ्यासाठी जुनंच काढ."

प्रणिता कुपीकडे बघत राहिली. तिनं अजून त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं. ताजे दात, दाबयंत्र, एक अक्षरही नाही.

"का, सर?"

"अगं, सवय. म्हातारा माणूस..."

"सर, का?"

हळब्यांनी तिचं मनगट सोडलं. तिच्या चेहऱ्यावरून त्यांना अंदाज आला असावा. लपवण्यात अर्थ नाही हे कळण्याइतके ते हुशार होतेच.

"तुला कळलंय तर," ते म्हणाले. "ताज्या दातांवर केलंस?"

"तुम्ही कधी केलंत?"

"तुझ्या चाचण्या संपल्या, त्याच पावसाळ्यात. बरणी आठवली आणि झोप उडाली. एकट्यानंच करून बघितलं."

म्हणजे शोधनिबंधाच्या आधी. रथ निघायच्या आधी. आणि आप्पांच्या खांद्यावर थोपटून कुपी फोडून द्यायच्याही आधी.

"तुम्ही उभे होतात तिथे," ती म्हणाली. "माझ्या वडिलांच्या उशाशी. बिनघोर राहा म्हणालात!"

"त्या वेळी नाही म्हणालो असतो तर तू का म्हणून विचारलं असतंस," सर म्हणाले. हे सांगताना त्यांना लाज वाटत होती, एवढं त्यांच्या बाजूनं म्हणायला हवं. मग ते सावरून बसले आणि त्यांना वर्गातला आवाज सापडला. "नीट विचार कर. करार झाले होते, रथ बांधायला गेले होते. खेड्यातली माणसं ठणकणारा दात घेऊन वर्षं काढायची आणि शेवटी उपटून टाकायची. आपण त्यांना काही वर्षं तरी दिली ना? त्यांचे दात तसेही गेलेच असते."

"त्यांचे," प्रणिता म्हणाली. "आणि तुमची दाढ?"

पुढचं सरांनी जवळजवळ मायेनं सांगितलं.

"बोलायचं तर बोल. पण दात तू गोळा केलेस, बरणी तू भरलीस, चाचण्या तुझ्या. पहिलं नाव तुझं आहे, प्रणिता."

तेव्हा तिला त्या औदार्याचा अर्थ लागला. एवढी वर्षं जी गोष्ट ती अभिमानानं सांगत आली, ती अशी होती. त्यांनी तिला पुढे केलं होतं, ते दगड आलाच तर तिला लागावा म्हणून. संताप आला, आणि त्याहून जास्त किळस आली. त्यांची नाही, त्यांच्यावर जीव टाकणाऱ्या आपल्या स्वतःची.

निळी कुपी तिच्या हातातच होती. सर बधिर होते, खुर्चीत आडवे होते, आणि आता काही विचारायची त्यांची हिंमत नव्हती.

तिनं कुपी फळीवर ठेवली आणि जुनं द्रावण काढलं. दाढ उघडली, कानस चालवली, धुतली. वाईट काम करायला तिला येतच नव्हतं. कुठे थांबायचं हे त्यांनीच शिकवलं होतं, आणि ती बरोबर तिथेच थांबली.

"चावताना महिनाभर सांभाळा," ती हातमोजे काढत म्हणाली. "आणि पुन्हा माझ्या दारात येऊ नका."

जगाला सांगण्याआधी ती आप्पांना सांगायला गावी गेली. आप्पा सोप्यात बसून क्लॅरोनेटच्या सांध्यांना लोणी चोळत होते. तुटलेल्या दाताच्या जागी तिनं बसवलेला तात्पुरता दात काढून त्यांनी वाटीत ठेवला होता. त्यावर सूर धरवत नाही म्हणे. तिनं सगळं सांगितलं, बरणीपासून मनगटापर्यंत.

"म्हंजे दुसराबी जानार," शेवटी ते म्हणाले.

"जाईल, आप्पा."

"आन् आपल्या बँडातल्या रामूचा? त्यो कार्नेट फुंकतोय."

"ज्यांचे ज्यांचे मी केले, त्या सगळ्यांचे."

आप्पांनी लोण्याचा बोळा खाली ठेवला. बँडातला एकेक माणूस त्यांनीच तिच्याकडे धाडला होता. त्यांच्यामागून भावकी, भावकीमागून निम्मं गाव. कुणी घाबरलं की आप्पा आपले दोन दात दाखवायचे.

"बलावून बलावून आनली गं म्या मान्सं. माझी पोरगी हाय म्हनून."

"सरांनी मला फसवलं, आप्पा. मला खरंच माहीत नव्हतं." ती रडायला लागली होती.

"फशिवलं, खरं हाय." आप्पा तिच्याकडे न बघता म्हणाले. "पर मला त्येंनी न्हाई फशिवलं. त्यो मानूस माझ्या वळखीचा बी न्हवता. म्या तुझ्याकडं बघून त्वांड उघाडलं हुतं."

त्यांनी क्लॅरोनेटचे तुकडे एकेक करून पेटीत ठेवले आणि पेटी बंद केली. तिला जेवून जा म्हणाले, वाढलंही स्वतः, पण तिच्या पंगतीला बसले नाहीत.

पुढचं वर्तमानपत्रांत आलंच. प्रणितानं आपल्या नावानिशी सगळं जाहीर केलं, बरणीही कॅमेऱ्यापुढे ठेवली. रथ थांबले. हळब्यांनी निवेदन काढलं की चाचण्या डॉ. ऐवळे यांच्या होत्या आणि आपण विद्यार्थिनीवर नको तेवढा विश्वास टाकला. विश्वास हा शब्द त्यांनी वापरावा, हे वाचून ती बऱ्याच दिवसांनी हसली. तिच्या मागे चौकशी लागली, कॉलेजनं तिला घरी बसवलं. दवाखान्यावर माणसं यायची. काही शिव्या द्यायला, काही नुसती तोंड उघडून दाखवायला. तिनं कुणालाही दार लावलं नाही. गावच्या जत्रेत त्या वर्षी बँडनं नुसते ढोल वाजवले.

तिनं एक मात्र सोडलं नाही. सुटलेले तंतू पुन्हा बांधता येतील का, हे शोधणं. फॉर्मालीन जित्या माणसाच्या दातात घालता येत नाही, ते विष. पण द्राक्षाच्या बियांच्या अर्कात तंतू बांधण्याचा गुण असतो, आणि सांगली-मिरजेकडे आणखी कशाचा तुटवडा असेल, द्राक्षाच्या बियांचा नाही. तिनं नितळची नासाडी थांबवणाऱ्या एका औषधात तो अर्क मिसळला आणि ताज्या दातांवर करून पाहिला. काही दात टिकले, काही फुटले.

थंडी सरता सरता एका सकाळी दवाखान्याचं दार उघडलं आणि आप्पा आत आले. तिनं गावी सगळं सांगितलं, त्या दिवसानंतर ते पहिल्यांदाच येत होते.

"दुसरा हालाय लागलाय," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले.

तिनं तपासलं. दात हिरडीत घट्ट होता, पण वर एक बारीक चीर दिसायला लागली होती. तिनं खुर्ची मागे घेतली, दिवा ओढला आणि अर्काची पिचकारी उचलली. हात पुढे केला, तोच आप्पांनी तिचं मनगट पकडलं.

वाद्यावर आयुष्य काढलेली ती बोटं, पकड घट्ट होती. प्रणिता जागच्या जागी थिजली. हे मनगट याआधी कुणी धरलं होतं ते दोघांनाही ठाऊक होतं.

"कसलं पानी हाय ते?"

"द्राक्षाच्या बियांचं. आणि एक औषध, आधीचं आत अजून खातंय ते थांबवायला."

"कशावर करून बघितलंस?"

"ताज्या दातांवर. त्याच दिवशी उपटलेल्या."

"टिकंल ह्यो?"

राहील, असं ती एकदा म्हणाली होती. याच खोलीत.

"माहीत नाही, आप्पा."

आप्पांनी मान हलवली. "आदी तू लाव जिभंला."

तिनं पिचकारीतला एक थेंब जिभेवर घेतला. तुरट, कडवट होता. आप्पा तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत राहिले. तिनं तो गिळला, तरी ते बघतच होते. मग त्यांनी तिचं मनगट सोडलं, डोकं मागे टेकवलं आणि तोंड उघडलं.

डोळे मात्र या वेळी त्यांनी मिटले नाहीत.